कोणता एल्फिन्स्टन?

दादरहून चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडली की पुढचे स्टेशन प्रभादेवी. जुलै २०१८ पासून फलाटावरच्या पाटीवर हे नाव आहे आणि गाडीतल्या घोषणेतही हेच नाव ऐकू येते. पण डब्यात जरा कान देऊन बसा. ‘काय हो, एल्फिस्टनला उतरणार का?’ हा प्रश्न अजून कानांवर पडतो. पाटी एका रात्रीत बदलता येते, तोंडातले नाव बदलायला एक पिढी जावी लागते.

पण समजा, विचारणाऱ्या त्या गृहस्थांनाच आपण उलट विचारले की हा एल्फिन्स्टन कोण हो, तर काय उत्तर मिळेल? बरेच जण खांदे उडवतील. शाळेतला इतिहास आठवणारे सांगतील, पेशवाई बुडवणारा तो साहेब. कोणी म्हणेल, ज्याच्या नावाचे कॉलेज काळा घोड्याला आहे तो. दोन्ही उत्तरे एकाच माणसाबद्दल आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. पेशवाई बुडवणारा आणि ज्याच्या नावाचे कॉलेज आहे तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. स्टेशनला ज्याचे नाव होते तो जॉन एल्फिन्स्टन. पहिला काका, दुसरा त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले. काका १८१९ ते १८२७ आणि पुतण्या १८५३ ते १८६० या काळात. दोघांच्या कारकिर्दींत पाव शतकाचे अंतर आहे, आणि कर्तृत्वातही तेवढेच.

म्हणजे दीडशे वर्षे लाखो माणसे रोज एक नाव घेत होती, आणि ते कोणाचे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यात त्यांचा काही दोष नाही. आडनावांचे असेच होते. म्हणून आज या एका आडनावाची गोष्ट सांगायची आहे. ते कोठून आले, कोणाकोणाला चिकटले, कोठेकोठे जाऊन बसले आणि वाटेत त्यातला माणूस कसा हरवला, याची ही गोष्ट.

गंमत अशी की मुळात हे माणसाचे आडनावच नव्हे, ते एका गावाचे नाव आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोदियन नावाचा परगणा आहे. तेथे ट्रॅनंट या गावाजवळ एल्फिन्स्टन नावाचे लहानसे खेडे आजही आहे. शेवटच्या ‘स्टोन’मुळे आपल्याला दगड आठवतो, पण स्थलनामांचे अभ्यासक त्याचा संबंध दगडाशी जोडत नाहीत. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे वाडी, वस्ती. एल्फिन किंवा त्यासारख्या नावाच्या कोणा माणसाची ती वाडी, म्हणून एल्फिन्स्टन. आपल्याकडे रामवाडी, गणेशवाडी असतात तसेच. त्या वाडीची जमीन ज्या घराण्याकडे होती ते पुढे ‘एल्फिन्स्टनचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या लॅटिन कागदांत नावामागे ‘चा’ या अर्थाचा ‘द’ लागत असे. कालांतराने तो गळून पडला आणि नुसते गावाचे नाव आडनाव होऊन राहिले.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपली निम्मीअधिक आडनावे गावांवरूनच आली आहेत. फरक एवढाच, की आपण गावाला ‘कर’ जोडतो. त्यामुळे निपाणी हे गाव आणि निपाणीकर हा माणूस, यांत कधी घोटाळा होत नाही. इंग्रजीत आणि स्कॉटलंडमध्ये तो ‘कर’ नाही. तेथे गावाचे नाव जसेच्या तसे माणसाच्या अंगावर चढते. आणि त्या माणसाच्या सन्मानार्थ पुन्हा एखाद्या पुलाला, रस्त्याला, स्टेशनला नाव द्यायचे झाले, की तेच नाव त्याच्या अंगावरून उतरून जागेवर बसते. एका माणसाच्या नावावरून वाडी, वाडीवरून घराणे आणि घराण्यावरून सात समुद्रांपलीकडचे स्टेशन, असा हा प्रवास आहे.

या घराण्यातला पहिला मोठा माणूस हिंदुस्थानात आलेला नव्हता, पण त्याची ओळख करून घेतली पाहिजे. विल्यम एल्फिन्स्टन हा अ‍ॅबर्डीनचा बिशप. त्याने १४९५ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन केले. स्कॉटलंडमध्ये छापखाना आणण्यामागेही त्याचा हात होता. १५०७ मध्ये राजाने छपाईची पहिली सनद दिली, ती त्याच्या पुढाकाराने. १५१० मध्ये घराण्याला लॉर्ड हा किताब मिळाला आणि तीनच वर्षांनी, फ्लॉडनच्या रणात, तो पहिला लॉर्ड पडला. विद्यापीठ आणि रणांगण या दोन्ही ठिकाणी हे नाव सोळाव्या शतकाच्या आरंभीच पोचले होते.

आता आपल्या एल्फिन्स्टनकडे वळू. माउंटस्टुअर्टचा जन्म १७७९ चा. अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा हा चौथा मुलगा. चौथ्या मुलाला किताब मिळत नाही आणि जहागीरही नाही. अशा मुलांसाठी त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी हा राजमार्ग होता. सतराव्या वर्षाच्या आत तो कलकत्त्याला उतरला. त्याचे पहिले नावही पाहा. माउंट स्टुअर्ट हे स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरच्या एका वाड्याचे नाव आहे, आणि तो वाडा त्याच्या आजीच्या माहेरचा. म्हणजे या माणसाच्या नावात आणि आडनावात मिळून दोन जागा वस्तीला होत्या.

१८०८ मध्ये कंपनीने त्याला काबूलच्या अमिराकडे वकील म्हणून पाठवले. शाह शुजाची भेट १८०९ मध्ये पेशावरलाच झाली, त्यामुळे काबूल त्याने कधी पाहिलेच नाही. तरी त्याने जमवलेल्या माहितीतून १८१५ मध्ये काबूलच्या राज्यावर जे पुस्तक निघाले, ते पुढे अनेक वर्षे त्या देशाविषयीचा इंग्रजांचा मुख्य आधार होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, काबूल पुन्हा येणार आहे.

१८११ मध्ये तो पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. पुढचा भाग आपल्याला माहीत आहे. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्रिंबकजी डेंगळ्याला पकडून देण्यासाठी एल्फिन्स्टनने दुसऱ्या बाजीरावावर दडपण आणले, १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह लादला आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली आणि तिच्यात एल्फिन्स्टनची पुस्तके आणि कागदपत्रे राख झाली. वाचनाचे वेड असलेल्या माणसाला तो घाव मोठा होता. पण पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत पेशवाई संपली आणि त्याच माणसाकडे जिंकलेल्या मुलखाचा आयुक्त म्हणून सारा कारभार आला. जुन्या मराठी कागदांत त्याचे नाव ‘अल्पिष्टन’ असे उतरले आहे. आपल्या लोकांनी त्याचे राज्य मान्य केले, उच्चार मात्र आपलाच ठेवला.

या माणसाचा हिशेब मांडणे सोपे नाही. त्याने मराठी सत्ता संपवली, हे खरे. जिंकल्यावर त्याने इनामे आणि वर्षासने एकदम मोडली नाहीत, गावगाडा फारसा हलवला नाही, आणि पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा बंद न करता तिच्यातला पैसा विद्येकडे वळवला, हेही खरे. १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, ती यातूनच. त्या पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज झाले. त्या नावात एल्फिन्स्टन कोठेही नाही, पण तो त्या पायात आहे. मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने मराठी आणि गुजराती शाळांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थेला बळ दिले, कायदे एकत्र करून १८२७ ची संहिता काढली आणि त्याच वर्षी तो मायदेशी गेला. पुढे हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलचे पद त्याला देऊ करण्यात आले, तेही एकदा नव्हे; त्याने ते नाकारले. १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला.

तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली. दोन लाखांहून अधिक रुपये जमले. पुतळा झालाच; चँट्रीने घडवलेला तो संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीत आहे. पण वर्गणीचा मुख्य उद्देश होता, त्याच्या नावाने प्राध्यापक नेमून विद्या शिकवण्याचा. १८३५ च्या सुमारास टाउन हॉलमध्येच वर्ग भरू लागले. १८५६ मध्ये हायस्कूल आणि कॉलेज वेगळे झाले आणि १८८८ मध्ये कॉलेज काळा घोड्याच्या आजच्या इमारतीत आले. बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवत, दादाभाई नौरोजी तेथे शिकले आणि तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. जमशेटजी टाटा, न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, फिरोजशहा मेहता, ही सारी त्या घराची मुले. हे नाव सरकारी हुकमाने पडलेले नाही, गावातल्या लोकांनी खिशात हात घालून ठेवले आहे. पुढे स्टेशनचा विषय येईल तेव्हा हा फरक आठवा.

आता नाव कसे माणसाला सोडून पळते ते पाहा. १८६० च्या दशकात कॉलेजातल्या पारशी विद्यार्थ्यांनी हौसेने नाटके करायला सुरुवात केली. त्यातून एल्फिन्स्टन नाटक मंडळी उभी राहिली. कॉलेजचे नाव मंडळीला मिळाले. या मंडळीत जमशेदजी फ्रामजी मदन नावाचा एक गरीब पारशी मुलगा पडद्यामागची किरकोळ कामे करीत असे. मोठेपणी त्याने ती मंडळीच विकत घेतली, कलकत्त्याला बस्तान हलवले आणि १९०२ मध्ये तेथील मैदानावर तंबू ठोकून चलत्चित्रे दाखवायला सुरुवात केली. कंपनीचे नाव एल्फिन्स्टन बायोस्कोप. १९०७ मध्ये त्याने कलकत्त्यात एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमचे चित्रपटगृह काढले. तेथे तिकीट काढून बसणाऱ्या बंगाली बाबूचा पुण्याच्या रेसिडेंटशी काय संबंध? काहीच नाही. तरी नाव तेच. स्कॉटलंडमधली वाडी, तिच्यावरून घराणे, त्यातला गव्हर्नर, त्याचे कॉलेज, कॉलेजचे नाटक आणि नाटकावरून सिनेमा.

आता काबूल. माउंटस्टुअर्टने ज्या शाह शुजाची पेशावरला भेट घेतली होती, त्याची गादी लवकरच गेली. तीस वर्षांनी, १८३९ मध्ये, इंग्रजांनी फौज पाठवून त्याला पुन्हा काबूलच्या गादीवर बसवले. निवृत्त होऊन इंग्लंडात बसलेल्या माउंटस्टुअर्टला या मोहिमेविषयी शंका होती. आणि त्या फौजेवर सेनापती म्हणून १८४१ मध्ये कोण गेला? विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, त्याचाच सख्खा चुलतभाऊ. हा वॉटर्लूला लढलेला, पण आता साठीला टेकलेला आणि संधिवाताने जर्जर झालेला. काबूल पेटले तेव्हा त्याला निर्णय घेता येईना. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे बर्फातून जलालाबादकडे निघाले. सैनिकांतले बहुसंख्य हिंदी शिपाई होते. आठवड्याभरात ती फौज थंडीने आणि गोळ्यांनी नाहीशी झाली. १३ तारखेला डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावरून जलालाबादच्या वेशीशी पोचला. सेनापती ओलीस म्हणून पकडला गेला आणि एप्रिलमध्ये कैदेतच वारला. ब्रिटिश लष्करी इतिहासात एल्फिन्स्टन हे नाव आजही नामुष्कीचे म्हणून घेतात. ते या एल्फिन्स्टनमुळे. आडनाव एक असले की कीर्ती जशी वाटली जाते, तशी अपकीर्तीही.

आता पुतण्या, तेरावा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. त्याचा जन्म १८०७ चा. १८३७ मध्ये, तिशीतच, तो मद्रासचा गव्हर्नर झाला. तरुण व्हिक्टोरियाचे मन त्याच्यावर बसले होते म्हणून त्याला इतक्या दूर धाडले, अशी त्या वेळी कुजबूज होती. मद्रासला अड्यार नदीवर १८४० च्या सुमारास झालेल्या पुलाला त्याचे नाव मिळाले. १८५३ च्या अखेरीस तो मुंबईला आला. त्याच्या काळात १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि तो त्याचा पहिला कुलपती झाला. त्याच साली उठावाचे लोण मुंबईत पोचू नये म्हणून त्याच्या सरकारने कडक बंदोबस्त केला. कट केल्याच्या आरोपावरून ऑक्टोबरमध्ये एस्प्लनेडच्या मैदानावर दोन शिपायांना लोकांसमक्ष तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच वर्षी कोल्हापुरात पलटणीने केलेला उठावही मोडून काढण्यात आला. विद्यापीठाची सनद आणि तोफेच्या तोंडची शिक्षा, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच वर्षातल्या गोष्टी आहेत. तो १८६० मध्ये मायदेशी परतला आणि त्याच वर्षी वारला.

त्याच्या नावाने मुंबईत काय काय झाले? बंदराकडच्या भरणीसाठी १८५८ मध्ये एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली. टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानावर वर्तुळाकार बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या इमारती उभ्या राहिल्या, ते एल्फिन्स्टन सर्कल. १८७२ मध्ये ते काम पुरे झाले. परळच्या बाजूला एल्फिन्स्टन रोड झाला आणि त्यावरून स्टेशन. पाहा कशी मांडणी झाली. टाउन हॉलच्या आत काकाचा पुतळा आणि बाहेर पायऱ्यांसमोर पुतण्याचे सर्कल. काकापुतण्यांत जेमतेम एका रस्त्याचे अंतर, आणि दोघांचे नाव एकच. पुढच्या पिढ्यांनी दोघांना एक मानले तर त्यांना दोष कसा द्यायचा?

मुंबई इलाखा तेव्हा लांबवर पसरलेला होता. सिंध १८४७ ते १९३६ या काळात याच इलाख्यात होता, म्हणून कराचीतही एल्फिन्स्टन स्ट्रीट झाला. कराचीकर त्याला लाडाने ‘एल्फी’ म्हणत. कपडे, पुस्तके, आइस्क्रीम यांसाठी संध्याकाळी जायची ती जागा. पुढे पत्रकार झेबुन्निसा हमीदुल्ला यांचे नाव त्याला मिळाले, पण जुन्या कराचीकरांच्या तोंडी ‘एल्फी’च राहिली. ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पात डोंगरांत शिरलेली समुद्राची एक चिंचोळी खाडी आहे. अरबीत तिला खोर अश शम म्हणतात, जुन्या आरमारी नकाशांत ती एल्फिन्स्टन इनलेट आहे. १८६४ मध्ये हिंदुस्थानाकडे येणारी तार तिच्यातून गेली. आपल्या महाबळेश्वरला तर एल्फिन्स्टन पॉइंट आहेच. सहलीला गेलेली मुले तेथे उभी राहून फोटो काढतात, भुट्टा खातात. आपण कोणाच्या नावाच्या कड्यावर उभे आहोत हे त्यांना कोणी सांगत नाही.

ही यादी वाढवण्यात अर्थ नाही. मुद्दा वेगळा आहे. माणसाचे नाव जागेला दिले की सुरुवातीची काही वर्षे ती जागा त्या माणसाची आठवण करून देते. मग हळूहळू उलटे होते. नाव ऐकले की जागा आठवते, माणूस विसरला जातो. परळच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या कामगाराला एल्फिन्स्टन म्हणजे स्टेशन, पूल, नाहीतर गिरणी. हो, त्या नावाची एक कापडगिरणीही होती. त्याच्या दृष्टीने तो शब्द मराठीच झाला होता. ‘एल्फिस्टन’ म्हणणाऱ्याच्या मनात कोणी लॉर्ड नव्हता.

आणि २९ सप्टेंबर २०१७ नंतर त्या शब्दाला आणखी एक अर्थ आला. सकाळी कामावर जाण्याची वेळ, वरून अचानक पाऊस, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणारा अरुंद पादचारी पूल आणि त्यावर कोंडलेली गर्दी. चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. गिरण्या जाऊन त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले होते, माणसे कितीतरी पटींनी वाढली होती, जिना मात्र तोच होता. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने तेथे नवा पूल बांधून दिला. तेव्हापासून कित्येक घरांत एल्फिन्स्टन म्हणजे तो दिवस. गव्हर्नर काका नाही, गव्हर्नर पुतण्याही नाही.

स्टेशनचे नाव बदलण्याचा ठराव विधिमंडळात त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये झाला होता. जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी हे नाव लागले. देवीच्या नावावरून वस्तीला आणि वस्तीवरून स्टेशनला नाव, ही तर आपली जुनीच रीत. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. स्टेशनालगतचा एल्फिन्स्टनचा जुना वाहतूक पूलही सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या उन्नत मार्गासाठी बंद करण्यात आला. शंभरी ओलांडलेला होता तो.

नावे बदलण्याचा एक चांगला दाखलाही याच आडनावापाशी आहे. एल्फिन्स्टन सर्कलचे स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल झाले. बेंजामिन गाय हॉर्निमन हाही इंग्रजच, पण ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक. जालियनवाला बागेनंतर पंजाबातल्या अत्याचारांच्या बातम्या बाहेर आणल्या म्हणून सरकारने १९१९ मध्ये त्याला हद्दपार केले होते. शिपायांना तोफेच्या तोंडी देणाऱ्या गव्हर्नरच्या जागी, सरकारचे अत्याचार उघड करणाऱ्या संपादकाचे नाव आले. असा बदल विचारपूर्वक केला म्हणायचा, कारण कोणाचे काढतो आणि कोणाचे लावतो, हे त्यातून स्पष्ट दिसते. पण आज त्या बागेत दुपारी डबा खाणाऱ्या किती जणांना हॉर्निमन माहीत आहे? नवे नावही जुन्याच वाटेने जाते.

मग नावांचे करायचे तरी काय? याचे मला सापडलेले उत्तर एका विद्यार्थ्याकडून मिळते. हा विद्यार्थी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक झाला आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. भीमराव रामजी आंबेडकर. कोवळ्या वयातली कितीतरी वर्षे ते नाव त्यांच्या वह्यांवर, दाखल्यांवर होते. पुढे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनसाठी त्यांनी मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन तयार केले. त्यात त्यांनी कोणाचा कागद काढून दाखवला? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा. गव्हर्नर असताना लिहिलेल्या शिक्षणविषयक टिपणात त्याने म्हटले होते, की मिशनऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे खालच्या जातींची मुले उत्तम शिकतात. पण त्यांना खास उत्तेजन देताना सरकारने जपून असावे, कारण शिक्षणाने प्रथम त्यांच्यात मूळ धरले तर ते त्यांच्यापुरतेच राहील, वरच्या जातींपर्यंत पसरणार नाही. म्हणजे ही मुले हुशार आहेत हे त्याला कळले होते, आणि कळूनही त्याने दार पुरते उघडले नाही. सरकारी शिक्षणात अस्पृश्य मागे का राहिले, याचा एक धागा बाबासाहेबांनी थेट त्या टिपणापर्यंत नेऊन पोचवला.

विचार करा. ज्याच्या नावाच्या शाळेत शिकले, त्याचेच अक्षर पुढे ठेवून बाबासाहेबांनी जाब मागितला. नाव पुसा, असे ते म्हणाले नाहीत. नावाला हार घालून गप्पही बसले नाहीत. त्या नावाच्या माणसाने काय लिहिले, काय केले, काय टाळले, ते त्यांनी वाचले आणि मांडले. कॉलेजने शिकवलेल्या विद्येचा याहून चांगला उपयोग कोणता? आणि त्या माणसाचा याहून न्याय्य हिशेब तरी कोणता? दक्षिणेचा पैसा विद्येकडे वळवणारा तोच, आणि सगळ्यांसाठी दार उघडायला कचरणाराही तोच. दोन्ही एकाच वहीत लिहावे लागते.

हे करायचे तर आधी माणूस ओळखावा लागतो. काकाचे श्रेय पुतण्याला, पुतण्याच्या तोफा काकाला आणि चुलतभावाचा पराभव सगळ्या घराण्याला, असे जेथे होते तेथे ना आदर खरा, ना राग खरा. नाव ठेवावे की काढावे हा वाद आपण हिरिरीने घालतो. ते नाव कोणाचे, हे विचारायचे मात्र राहून जाते. माझी सूचना साधी आहे. रस्त्याला, पुलाला, स्टेशनला कोणाचेही नाव असो, जुने असो की नवे, पाटीखाली दोन ओळी असाव्यात: हा कोण, केव्हाचा, आणि येथे त्याचे नाव का. ज्या जागेचे नाव बदलले असेल तेथे पूर्वीच्या नावासाठीही दोन ओळी असाव्यात. खर्च फारसा नाही.

स्कॉटलंडमधल्या त्या खेड्याला आपल्या नावाच्या या साऱ्या भटकंतीची कल्पना असेल की नाही कोण जाणे. आपण मात्र पुढच्या वेळी प्रभादेवीला उतरताना शेजारच्याने ‘एल्फिस्टन आलं’ म्हटले, तर त्याला हसून एवढे जरूर विचारावे, ‘कोणता?’

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)